कास आणि वासोटा एकाच सहलीत? आमचे १८,९०० रुपये असे गेले

आईचं माहेर जावळी खोऱ्यातलं. ती लहान असताना कोयना धरणाचं पाणी चढत आलं आणि गाव शिवसागर जलाशयाखाली गेलं. एकदा त्या पाण्यावरून लाँचने जायचं, एवढीच तिची इच्छा होती. यंदा तिला पंच्याहत्तरावं लागलं म्हणून गणपती झाल्यावर सांगलीहून नऊ जणांनी निघायचं ठरवलं.

मोबाईलवर एक जाहिरात दिसली. पहिल्या दिवशी कास पठारावरची फुलं, रात्री बामणोलीला पाण्याकाठी तंबू, दुसऱ्या दिवशी लाँचने वासोटा किल्ला आणि परतताना पाचगणीजवळच्या राजपुरीच्या गुहा. माणशी १,५०० रुपये, जेवणासकट. फोनवरचा मुलगा अतिशय अदबीने बोलायचा. आईचं वय ऐकून म्हणाला, "ताई, आजींना खुर्चीत बसवून लाँचमध्ये चढवू, काळजी करू नका." या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. निम्मे पैसे, ६,७५० रुपये, त्याच दिवशी पाठवले. दोन दिवसांनी वनविभागाच्या परवान्याचे म्हणून माणशी ३०० प्रमाणे आणखी २,७०० मागितले. तेही दिले. शिक्का मारलेला एक पास आला.

कासच्या फाटकावर तो पास बघून तिथल्या माणसाने मान हलवली. हा आमचा नाहीच, म्हणाला. पुन्हा पैसे भरून आत गेलो. काहीतरी गोंधळ झाला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. आज सगळ्यात जास्त राग मला त्याच क्षणाचा येतो, कारण तिथूनच परत फिरायला हवं होतं. आम्ही तसेच पुढे बामणोलीला उतरलो. धुकं, भुरभुर पाऊस आणि जाहिरातीतला तंबू कुठेच नाही. चहाच्या टपरीवरच्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वासोटा आत्ता कुठला गं बाई? पाऊस सरल्याबिगर सोडत न्हाईत कुणाला."

सहल ठरवताना मला हे माहीत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. कासचा बहर साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. तो पावसाळ्यात बंद असतो आणि पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात उघडतो. म्हणजे फुलांनी भरलेलं पठार आणि वासोट्याची चढाई एकाच शनिवार-रविवारी दाखवतो म्हणणारा माणूस जाहिरातीतच खोटं बोलत असतो. वेळेचा हिशेबही बसत नाही. लाँचला जाताना तासाहून जास्त, येताना तेवढाच, मध्ये दाट जंगलातून दोनेक तासांची चढण आणि मग उतरण. अंधाराच्या आत परतावं लागतं आणि गडावर मुक्कामाला परवानगी नाही. त्याच दिवशी साताऱ्याला येऊन, वाईवरून पसरणीचा घाट चढून राजपुरीच्या गुहा कधी बघणार? कागदावर तीन नावं शेजारी शेजारी लिहिली की जवळ वाटतात, एवढंच.

खरा घाव मात्र परतीच्या वाटेवर बसला. साताऱ्यात पोचल्यावर आमच्या ह्यांनी त्या मुलाला फोन लावला. त्याने उचलला, माफी मागितली, ऑफिसची चूक झाली म्हणाला. लगेच सगळे ९,४५० परत करतो म्हणून त्याने स्कॅन करायचा कोड पाठवला. स्क्रीनवर तीच रक्कम दिसली. "पिन टाका, जमा होतील." गाडीत आई थंडीने काकडत होती, मुलं भुकेने रडत होती. ह्यांनी पिन टाकला आणि खात्यातून आणखी ९,४५० गेले. पैसे येताना पिन कधीच लागत नाही, तो देताना लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे एवढं तरी आजच सांगा.

आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार दुसऱ्या दिवशी दुपारी केली. ती त्याच तासात करायला हवी होती. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. आम्हाला अजून काही मिळालेलं नाही.

डिसेंबरात पुन्हा गेलो, कुणालाही आगाऊ पैसे न देता. बामणोलीच्या बोट क्लबच्या खिडकीवर लाँच ठरवली. भाडं अख्ख्या लाँचचं असतं, माणशी नाही, त्यामुळे माणसं जमवून गेलं की परवडतं. आईला दोघा नावाड्यांनी हात धरून चढवलं. मधोमध गेल्यावर तिने पाण्याकडे बोट दाखवून घराशेजारच्या आंब्याची दिशा सांगितली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात मला पुन्हा दिसली. तंबूचा फोटो तोच, नाव वेगळं, नंबर वेगळा. मजकूर मात्र शब्दशः तसाच: कासची फुलं आणि वासोटा, दोन दिवसांत.