महालक्ष्मीनं निघालात तर कल्याणला उतराल की सीएसएमटीला?

भाची दुपारी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आली तेव्हा मी एका पंपाच्या केसिंगवर, म्हणजे ओतीव कवचावर, आवाजाच्या लहरींनी आतले दोष शोधणारा प्रोब फिरवत होतो. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे ती. चहा यायच्या आतच तिनं विषय काढला. "मामा, टीआयएफआरची परीक्षा द्यायची का डीआरडीओच्या मागं लागायचं? घरात रोज दोन पार्ट्या पडतात." टीआयएफआर म्हणजे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, डीआरडीओ म्हणजे संरक्षण खात्याची संशोधन संघटना. ताईला सरकारी पगार दिसतो आणि दाजींच्या डोक्यात नारळीकर बसलेत.

नारळीकरांचं आपल्याकडं असंच आहे. जयंतराव 1938 साली कोल्हापुरात जन्मले, म्हणून फिजिक्स घेतलेल्या इथल्या प्रत्येक पोराच्या बापाला पोरगं विश्वाचं कोडं सोडवणार असं वाटतं. त्यांचं बालपण बनारसला गेलं, पुढचं शिक्षण केंब्रिजला झालं आणि विषय विश्वरचनेचा होता, हे दाजींना मी तीनदा सांगून झालंय.

मला यातलं थोडं कळतं ते असं. एम.एस्सी. झाल्यावर अडीच वर्षं मी पार्टिकल फिजिक्सच्या एका गटात प्रोजेक्ट असिस्टंट होतो. माझा वर्गमित्र नौदलासाठी काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत चिकटला आणि अजून तिथंच आहे. मी परत आलो आणि ओतकामाची तपासणी करतो. म्हणजे दोन्ही वाटा जवळून बघितल्यात, त्यातल्या एकीवर पाय पोळलेत.

दोन्ही ठिकाणांना जायला गाडी एकच लागते. रात्री कोल्हापुरात महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसायचं. सकाळी कल्याणला उतरून कर्जत बाजूची लोकल धरली की अंबरनाथ, म्हणजे डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा, एनएमआरएल. न उतरता सीएसएमटीपर्यंत गेलात आणि कुलाब्याची बस धरली की टीआयएफआर. गंमत अशी की मूलकणांवर काम करणारी ही संस्था नेव्हीनगरात आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नौदलाची वसाहत.

दिवस कसा जातो

घरी कोणी हा प्रश्न विचारत नाही, आणि ठरवताना सगळ्यात जास्त उपयोगाचा हाच आहे.

तळहात आडवा धरा. दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन नावाचा मूलकण त्यातून आरपार जातो, आभाळातून आलेला. तो पकडायला आमच्याकडं काचेचे शोधक होते, आरपीसी म्हणतात त्यांना. दोन काचा, मध्ये दोन मिलिमीटरची फट, फटीत वायू आणि काचांवर दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब. वायूत मोठा वाटा आर-134ए चा, गाडीच्या एसीत भरतात तोच. म्यूऑन गेला की फटीत बारीक ठिणगी पडल्यासारखं होतं आणि बाहेरच्या तांब्याच्या पट्टीवर सिग्नल येतो. ऐकायला भारी आहे. माझे अडीच वर्षांतले आठ महिने वायूची गळती शोधण्यात गेले. त्यातले पाच महिने एका झडपेच्या खरेदीची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. संस्थेचं नाव सांगत नाही; फाईल कुठंही अशीच फिरते.

मित्राचं पहिलं वर्ष मिठाच्या धुक्यात गेलं. रंग दिलेले पत्रे एका बंद पेटीत ठेवायचे, 35 अंश तापमानात पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं आणि शेकडो तास वाट बघायची. आधी पत्र्यावर टोकदार सुईनं फुली मारलेली असते. गंज त्या फुलीच्या रेघेपासून रंगाखाली किती मिलिमीटर सरकला, ते मोजायचं. बस. उद्यमनगरात सॉल्ट स्प्रे टेस्ट म्हणतात ती हीच. त्याच्या पत्र्याचा रंग मात्र जहाजाला लागणार होता.

रोजच्या कामात ग्लॅमर दोन्हीकडं सारखंच, म्हणजे नाहीच. फरक पडतो तो प्रश्न कोण विचारतं यात. आमच्याकडं प्रश्न आमचाच होता, उत्तराची घाई जगात कोणालाच नव्हती. मित्राकडं प्रश्न घेऊन माणूस यायचा, त्याच्या अंगावर वर्दी असायची आणि त्याला तारीख हवी असायची. कोणाला पहिल्या प्रकारात झोप लागत नाही, कोणाला दुसऱ्या. भाचीला मी एवढंच विचारलं की तू कॉलेजात असाइनमेंट कधी लिहायचीस? आदल्या रात्री, म्हणाली. हे लक्षात ठेव म्हटलं.

किती वाट बघायची तयारी आहे?

हिग्ज कणाची कल्पना 1964 ची. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत तो सापडल्याची घोषणा झाली 4 जुलै 2012 ला. मधल्या 48 वर्षांत किती जणांची अख्खी नोकरी झाली असेल! कण एकमेकांवर आदळवायच्या तिथल्या 27 किलोमीटरच्या बोगद्यातले चुंबक ज्या जॅकवर बसवलेत, ते हजारोंच्या संख्येनं भारतानं पुरवले. टीआयएफआरची माणसं तिथल्या सीएमएस प्रयोगात आहेत, आणि 2017 पासून आपण सर्नचे सहयोगी सदस्यही आहोत. म्हणजे दार उघडं आहे. पण आत गर्दी किती, तेही बघा. हिग्जच्या वस्तुमानावर दोन प्रयोगांनी मिळून 2015 साली जो शोधनिबंध काढला, त्यावर 5,154 नावं होती. 33 पानांतली 24 पानं नुसत्या नावांची आणि संस्थांची. आमच्या गल्लीतल्या लग्नपत्रिकेत प्रेषक म्हणून अख्खी भावकी छापतात, तीही यापुढं फिकी.

घरच्या प्रयोगांची कथा जास्त सलते. 1965 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सव्वादोन किलोमीटरहून खोल, टीआयएफआरच्या लोकांनी ओसाका आणि डरहॅमच्या विद्यापीठांबरोबर वातावरणातल्या न्यूट्रिनो नावाच्या मूलकणांची नोंद केली. जगातल्या पहिल्या नोंदींपैकी ती एक. पुढं खाणी बंद झाल्या. मग तमिळनाडूत थेनीजवळच्या डोंगरात नवी न्यूट्रिनो वेधशाळा ठरली: 50 हजार टन लोखंड, त्याच्या थरांमध्ये अठ्ठावीस हजारांवर आरपीसी, खर्च सुमारे 1,500 कोटी. केंद्रीय मंत्रिमंडळानं जानेवारी 2015 मध्ये मंजुरी दिली. त्यानंतर पर्यावरणाच्या परवानग्या, स्थानिकांचा विरोध, कोर्टकचेऱ्या. त्या भरवशावर पीएचडीला लागलेल्या पोरांनी शेवटी प्रबंध लिहिले ते संगणकावरच्या सिम्युलेशनवर आणि लहान नमुन्यांवर.

पण "उपयोजित" म्हणजे लवकर, असं समजून कोणी कल्याणला उतरू नका. एनएमआरएलचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे पाणबुडीसाठीची इंधन-घट, म्हणजे फ्युएल सेल, प्रणाली. साध्या डिझेल पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला ठरावीक वेळानं पृष्ठभागाजवळ यावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच ती दिसते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून आतच वीज मिळाली तर तिला जास्त दिवस खाली राहता येतं. या प्रणालीची जमिनीवरची चाचणी मार्च 2021 मध्ये यशस्वी झाली, तीही बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर. तारीख देणारा माणूस समोर असतो म्हणून काम तारखेला होतं असं नाही. बोलणी मात्र तारखेला खावी लागतात.

पैशाचं थोडक्यात

पीएचडीच्या वाटेवर ज्युनिअर रिसर्च फेलोला महिन्याला 37,000 आणि दोन वर्षांनी सीनिअर झाल्यावर 42,000, वर घरभाडं. हे दर जानेवारी 2023 पासूनचे. पाच-सहा वर्षं यावर काढायची, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, बहुतेक परदेशात, मग प्राध्यापकीची वाट बघत बसायचं. डीआरडीओत सायंटिस्ट-बी ला मूळ पगारच 56,100 पासून, वर महागाई भत्ता वगैरे. तिथं गेट परीक्षेचा स्कोअर आणि मुलाखत लागते. वयाची अट त्या-त्या जाहिरातीत बघा, ती बदलत असते. ताई इथं जिंकते, वाद नाही.

घरी काय सांगणार

मी गळक्या झडपांच्या गोष्टी आजही रंगवून सांगतो. मित्राला वीस वर्षं विचारतोय की तू नक्की करतोस काय. रंकाळ्यावर भेळ खाताना एकदाच म्हणाला, "पाण्याखालचं आहे रे," आणि पुढं कणीस मागवलं. त्याचं चांगलं काम बाहेर कोणाला माहीत नाही, शोधनिबंध थोडे. नोकरी बदलायची वेळ आली तर बायोडेटात लिहायला मोजकंच निघतं. त्याला त्याचं दुःख नाही. मला झालं असतं. हा मुद्दा तरुणपणी किरकोळ वाटतो, चाळिशीत टोचतो.

दोन्ही घरचा पाहुणा

शुद्ध विरुद्ध उपयोजित अशी रेघ ओढणाऱ्यांना मी पॅट्रिक ब्लॅकेटची गोष्ट सांगतो. हा माणूस ब्रिटिश नौदलात वाढला, 1916 च्या जटलंडच्या लढाईत होता. युद्धानंतर केंब्रिजला रदरफोर्डकडं गेला आणि विश्वकिरणांवर काम केलं, ज्याचं नोबेल 1948 मध्ये मिळालं. मध्ये दुसरं महायुद्ध आलं आणि हा पुन्हा नौदलाकडं. तेव्हा आरमारी समज असा होता की व्यापारी जहाजांचा ताफा चाळीसच्या आसपास बरा आणि साठाच्या वर तर नकोच. ब्लॅकेटच्या चमूनं नोंदी चाळल्या. पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांचा आकडा ताफ्याच्या आकारावर फारसा अवलंबून नव्हता. म्हणजे ताफा मोठा केला की टक्केवारी आपोआप घसरणार. शिवाय जहाजं चौपट केली तर ताफ्याचा परीघ दुप्पटच होतो, आणि पहारा परिघावर द्यायचा असतो. आठवीची भूमिती आहे ही! एकही नवी बंदूक न बनवता जहाजं वाचली.

हाच ब्लॅकेट पुढं 1948 साली नेहरूंचा संरक्षणविषयक सल्लागार म्हणून भारतात आला. टीआयएफआर उभारणाऱ्या होमी भाभांचाही तो स्नेही. आपल्याकडच्या दोन्ही गाड्यांना रूळ घालताना तो हजर होता म्हणा ना.

आणि आरमाराच्या कारभाराचा विचार इंग्रजांकडून शिकावा अशी कोल्हापूरवर वेळ नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, 1715-16 च्या सुमाराचं, आरमारावर वेगळं प्रकरण आहे. त्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदरात मिळणाऱ्या पैदास्तीवर, म्हणजे उत्पन्नावर, सोडू नये. सोडला तर आरमारवाले सावकाराला, म्हणजे व्यापाऱ्याला, छळतील आणि बंदरं ओस पडतील. आजच्या भाषेत हे ऑपरेशन्स रिसर्चच, ब्लॅकेटनं ताफ्यांसाठी केलं तसलं. माणूस कशाच्या लोभानं कसा वागेल याचा हिशेब पन्हाळ्याच्या परिसरातल्या एका कारभाऱ्यानं मांडून ठेवलाय.

म्हणून तिसरी वाटही सांगून ठेवतो. आकडेमोड आणि माणसं दोन्ही आवडत असतील तर फिजिक्सच्या एम.एस्सी.ला नौदलाच्या शिक्षण शाखेत अधिकारी म्हणून जाता येतं, एसएसबी ही पाच दिवसांची निवड-मुलाखत पार करून. संशोधन म्हणून जाऊ नका पण. तिथं आधी अधिकारी, मग बाकी सगळं.

मग कोणी कुठं जावं

भाचीला सांगितलं ते इथं लिहितो, मऊ न करता. थिअरीच करायची असेल आणि विद्यापीठात क्वांटम मेकॅनिक्सचा पेपर सुटला याचा आनंद निकालापेक्षा मोठा होत असेल, तर सीएसएमटीपर्यंत जा. नुसतं नारळीकर डोक्यात आहेत म्हणून जाऊ नका. हाताला काम लागतं, सोल्डरिंग गन दिसली की उचलावीशी वाटते, अशांना दोन्हीकडं जागा आहे, आणि अशांसाठी निवड खरी अवघड आहे. तेवढ्यासाठी टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम, व्हीएसआरपी, आधी करून बघावा. दोन महिन्यांत कळतं. आणि घरात पैशाची तातडी असेल तर फेलोशिपवर सहा वर्षं काढायचं धाडस करू नका. त्यात लाज काही नाही, अंबरनाथचं फिजिक्स दुय्यम नाही.

हे सगळं ऐकताना तिनं प्रोब माझ्या हातातून घेतला होता. केसिंगवर ग्रीस का लावतोस, म्हणाली. प्रोब आणि लोखंड यांच्यात हवेचा पदर राहिला तर आवाज तिथूनच परत येतो, आत शिरतच नाही. ग्रीस लावून टेकवला की पडद्यावर उलट्या बाजूचा ठोका दिसतो. शंभर मिलिमीटर पोलाद असेल तर जाऊन-येऊन साधारण 34 मायक्रोसेकंद. त्याच्या अलीकडं एखादं बारकं टोक उठलं की आत ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ नावाच्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झचा स्फटिक असाच वाजवला होता. तीच युक्ती आता उद्यमनगरात रोजंदारीवर आहे. तिनं प्रोब सरकवत सरकवत फ्लँजजवळ एक टोक पकडलं, जे मी सकाळी सोडलं होतं. केसिंग परत पाठवलं.

दोन्ही फॉर्म भरलेत तिनं. पुढच्या महिन्यात दोन्ही जागा बघून यायच्या म्हणते, पण महालक्ष्मीचं तिकीट सीएसएमटीपर्यंतचं काढलंय. मी म्हटलं, कल्याण आधी येतं की. तर म्हणाली, "लांबचं तिकीट असलं की मधे उतरता येतं मामा. कल्याणचं काढलं तर पुढं टीसी."