लॅबमधल्या जुन्या मॉडेल्सची शिल्पं, गंगापूर रोडचा स्टुडिओ

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एक छोटा स्टुडिओ आहे, शाळा-कॉलेजच्या लॅबमधून निर्लेखित झालेली, म्हणजे मोडीत काढलेली मॉडेल्स भंगारवाल्यांकडून, गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आणतात आणि त्याची शिल्पं करतात. रविवारी बायकोसोबत सहज डोकावलो, दोन तास तिथेच होतो आणि एक घेऊनच निघालो.

घेतलं ते कानाचं मॉडेल. प्लास्टरचं, शाळेत असायचं तेच, पडदा, हातोडी, ऐरण, रिकीब आणि आत गोगलगाईसारखा अडीच वेढ्यांचा शंख. फक्त इथे त्या शंखातून तांब्याची पट्टी बाहेर येते आणि वळत वळत खाली वाटीसारखी पसरते, ठोक्याचं काम आहे, हातोडीचा एकेक घाव दिसतो. माझं लहानपण भांडी बाजाराजवळ गेलंय, सकाळपासून ठकठक सुरू, त्यामुळे कानातून तांबं निघालेलं बघून अंगावर काटाच आला. तळाला पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिलेला डेडस्टॉक नंबर (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीतला) तसाच ठेवलाय, पोरांची बोटं लागून लागून पाळीचा रंग उडालाय तोही झाकलेला नाही. मला तर तेच सगळ्यात आवडलं.

म्हणूनच फुलाचं मॉडेल बघून वाईट वाटलं. पूर्ण सोनेरी स्प्रे मारलाय आणि पाकळ्या चिकटवून टाकल्यात. अहो, असली मॉडेल्स उघडून बघायलाच बनलेली असतात. फ्रान्समध्ये डॉ. ओझू यांनी 1820 च्या दशकात कागदाच्या लगद्यातून अख्खं माणसाचं शरीर केलं ते अवयव न् अवयव सुटा करून परत जोडता यावा म्हणून, ब्रेस्लाऊच्या (आता पोलंडमधलं व्रोत्सवाफ) ब्रेंडेल यांची 1866 पासूनची मोठाली फुलंही तशीच, पाकळी काढली की आतला स्त्रीकेसर दिसणार. ते उघडणंच बंद केलं तर मग उरलं काय?

अजून एक, कुठलं मॉडेल कोणत्या गावच्या शाळेतलं याची नोंद ते ठेवत नाहीत, ती ठेवायलाच हवी, मी तसं सांगूनही आलोय.

किंमत 8,500, घासाघीस नाही, पण काम बघता मला जास्त वाटली नाही. पॅकिंग मात्र कच्चं, घरी येईपर्यंत रिकीब निखळली होती. फोन केला तर दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाले दादा स्वतः येऊन बसवून गेले, पैसे घेतले नाहीत. बुधवारी जाऊ नका, ते बाजारात असतात.