कस्टम बूट इमेजच्या नावाखाली माझे ११,०४९ रुपये गेले, पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

आठ दिवस लिहू की नको लिहू असंच चाललं होतं. लाज वाटत होती, खरं सांगतो. पण परवा मला फसवणारा तोच माणूस, तेच स्क्रीनशॉट, फक्त नाव आणि फोटो बदलून दुसऱ्या एका ग्रुपवर जाहिरात करताना दिसला आणि डोकं फिरलं. म्हणून लिहितोय, जमेल तसं.

पैशाचा हिशोब आधी देतो म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. ॲडव्हान्स १,८००. इमेज मिळाल्यावर उरलेले १,८००. "कंपनीच्या कीने साइन" करायचे २,४५०. आणि शेवटी "ऑथ क्रेडिट" म्हणून ४,९९९. एकूण ११,०४९ रुपये आणि वर फोन मेलेला.

मला काय हवं होतं ते सांगतो, कारण जो तो पहिलं हेच विचारतो की कशाला पडलास या भानगडीत. कामासाठी मला फोनला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर जोडायचा होता, सीएच३४१ चिपवाला, आणि माझ्या फोनच्या कर्नलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्यातल्या प्रोग्राममध्ये, तो ड्रायव्हर बंद आहे. म्हणजे कर्नल नव्याने बिल्ड करायचा, स्टॉक (कंपनीची मूळ) बूट इमेज, म्हणजे कर्नल असलेली आणि फोन चालू करणारी फाइल, उघडायची, त्यातला कर्नल बदलायचा आणि परत पॅक करायची. यात चोरीचं, बेकायदा असं काहीच नाही. स्वतः दोनदा प्रयत्न केला होता. कंपनीने दिलेलं सोर्स (मूळ कोड) अर्धवट, माझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम, एकदा मेमरी संपून कंपाइल मेलं आणि दुसऱ्यांदा बिल्ड झालं पण फोन लोगोच्या पुढेच जाईना. काम अंगावर आलेलं, तारीख जवळ. मी काही अगदीच नवखा नाही हो, पाच-सहा वर्षं बूट इमेज उघडतोय, त्यातली रॅमडिस्क म्हणजे काय, डीटीबी म्हणजे काय हे मला कळतं, आणि नेमका म्हणूनच त्याच्या बोलण्यावर विश्वास बसला कारण तो सगळे शब्द बरोबर वापरत होता. बूट इमेजचं हेडर व्हर्जन विचारलं, ए/बी स्लॉट (सिस्टिमच्या दोन प्रती) आहेत का विचारलं, बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना आधी चालणारा प्रोग्राम, अनलॉक आहे का विचारलं. फसवणारा माणूस हेडर व्हर्जन विचारेल असं वाटतं का कोणाला?

आता तो क्षण. रोज रात्री हाच आठवतो.

९:४२ ला मी त्याला स्टॉक बूट इमेज पाठवली, १,८०० पाठवले. तो म्हणाला, "दादा, सोर्सवरून बिल्ड करून देतो, तुमच्या फोनचं ट्री माझ्याकडे रेडी आहे." ट्री म्हणजे सोर्सच्या फाइलींचा संच. ९:५३ ला फाइल आली. अकरा मिनिटं. त्यात माझी फाइल डाउनलोड करणं, ड्रायव्हर चालू करून कर्नल कंपाइल करणं, पॅक करणं आणि परत अपलोड करणं सगळं आलं. तगडं मशीन असेल तर होतंही इतक्या वेळात, असं मीच मला समजावलं. पण फाइलचं नाव बघा. न्यू-बूट डॉट आयएमजी. मॅजिस्कबूट या बूट इमेज उघडून परत पॅक करणाऱ्या टूलने रीपॅक केलं की बाय डिफॉल्ट हेच नाव पडतं, हे मला माहीत आहे, मी स्वतः शंभर वेळा ती फाइल बघितली आहे! मनात आलं, हा कर्नल बदलून मॅजिस्कबूटनेच पॅक करत असेल, त्यात काय, मीही तसंच करतो. आणि पुढे गेलो. कर्नल तोच आहे का ते बघायला अनपॅकची एक कमांड मारायची होती फक्त. एक. अर्धा मिनिट लागलं असतं.

बरं, ती इमेज फ्लॅश केली, म्हणजे फोनमध्ये चढवली, फोन चालू झाला, रूटही (फोनवर पूर्ण ताबा) मिळालं, आनंदात उरलेले १,८०० पाठवून दिले. कन्व्हर्टर जोडला तर काहीच नाही. सेटिंगमध्ये जाऊन कर्नल व्हर्जन बघितलं तर बिल्डची तारीख तीन वर्षांपूर्वीची. तारीख डोळ्यासमोर होती. आणि मी काय विचार केला, तर बिल्ड करताना टाइमस्टॅम्प ठरावीक ठेवता येतो, बरेच जण ठेवतात, याने जुनाच ठेवला असेल. त्याला विचारायच्या आधीच त्याची बाजू मी मांडली. जास्त माहिती असली की असं होतं, प्रत्येक खोटेपणाला एखादं खरं कारण सापडतं. त्याच वेळी कर्नलचं कॉन्फिग, म्हणजे त्यात काय चालू काय बंद याची यादी, बघितलं असतं, प्रॉक मधल्या कॉन्फिग डॉट जीझेड फाइलमधून, तर सीएच३४१ च्या ओळीपुढे "इज नॉट सेट" लिहिलेलं दिसलं असतं आणि विषय ३,६०० वर संपला असता. माझ्या फोनमध्ये ती फाइल आहे. सगळ्या फोनमध्ये नसते, पण माझ्यात आहे.

त्याला सांगितलं ड्रायव्हर चालत नाही. तर म्हणाला, "दादा, बूटलोडर ओपन असल्यामुळे मॉड्यूल ब्लॉक होतंय, कंपनीच्या कीने साइन करून देतो, मग बूटलोडर परत लॉक करा, ड्रायव्हरपण चालेल आणि बँकेची ॲप्सपण चालतील." बँकेची ॲप्स हे ऐकलं आणि मी गेलो. बूटलोडर अनलॉक असलेला फोन वापरणाऱ्या कोणालाही विचारा, हेच दुखणं असतं. २,४५० पाठवले.

इथे थांबून सांगतो, नीट वाचा. कंपनीच्या कीने साइन करून देतो असं जो म्हणेल तो खोटं बोलतोय, पुढे ऐकायची गरजच नाही. लॉक असलेला बूटलोडर चालू होताना व्हीबीमेटा नावाच्या तपासणीच्या डेटामधली डिजिटल सही तपासतो, ती सही ज्या प्रायव्हेट कीने होते ती की कंपनी कोणाला देत नाही, चॅटवर १,८०० ला काम करणाऱ्याला तर नाहीच. काही फोनमध्ये आपली स्वतःची की टाकता येते, पण ती आपली की असते, कंपनीची नाही, आणि ती फोनमध्ये आधी घालावी लागते. बूटलोडर ओपन आहे म्हणून ड्रायव्हर ब्लॉक होतो हेही साफ खोटं. उलट ओपन बूटलोडरवरच बदललेला कर्नल चालतो, लॉक केलेल्यावर सहसा नाही.

दुसरी फाइल आली, "साइन्ड". फ्लॅश केली, फास्टबूटमधून (पीसीवरून फोनला कमांड द्यायचा मोड) लॉकची कमांड दिली, फोनच्या स्क्रीनवर इशारा आला की सगळा डेटा जाईल, व्हॉल्यूमच्या बटणाने "लॉक द बूटलोडर" वर आलो आणि पॉवर दाबलं. बॅकअप होता पण तीन आठवडे जुना. फोन रीस्टार्ट झाला आणि लाल अक्षरं, डिव्हाइस करप्ट आहे, चालू होणार नाही. परत अनलॉक करायला गेलो तर फास्टबूट म्हणतं परवानगी नाही, कारण ओईएम अनलॉकिंगचं सेटिंग लॉक होताना बंद झालं होतं आणि ते चालू करायला अँड्रॉइडमध्ये जावं लागतं, आणि अँड्रॉइड तर चालूच होत नाही. बदललेली इमेज असताना बूटलोडर लॉक करू नका. कोणी कितीही शपथा घेतल्या तरी नका करू. आधी पूर्ण स्टॉक, फोन नीट चालू होतोय हे डोळ्यांनी बघायचं, मग लॉक.

मग ४,९९९ ची गोष्ट. क्वालकॉमच्या चिपचे फोन अगदी मेले तरी ईडीएल नावाच्या मोडमध्ये जातात, कॉम्प्युटरला ९००८ असा पोर्ट दिसतो, तिथून परत फ्लॅश करता येतं, पण काही कंपन्यांनी त्याला सर्व्हरची परवानगी लावून ठेवली आहे. हे सगळं खरं आहे, आणि त्याला नेमकं हेच जमतं, खऱ्याच्या मधोमध खोटं बसवणं. म्हणाला ऑथ क्रेडिट विकत घ्यावं लागेल, माझ्या खिशातून घालू का दादा? पाठवले. त्याने रिमोटने माझा पीसी घेतला, कीबोर्डला हात लावू नका म्हणाला, आणि काळ्या विंडोमध्ये हिरव्या ओळी पळायला लागल्या. वीस मिनिटं. माझ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये फोन कॉम ४ पोर्टवर होता. त्याच्या लॉगमध्ये कॉम ७ लिहिलेलं येत होतं. आधीच कुठेतरी सेव्ह केलेला लॉग तो मला सिनेमासारखा दाखवत होता. हे मला तेव्हा दिसलं, मी विचारलं, आणि त्याच मिनिटाला रिमोट तुटलं, चॅट गायब, नंबर ब्लॉक. पीसी कोणाच्या हातात दिलात तर नंतर सगळे पासवर्ड बदला, मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत तेच करत होतो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फाइल पीसीवर उघडल्या, जे आधी करायला हवं होतं. कर्नल वेगळा काढून स्टॉकच्या कर्नलशी एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा, जुळवून बघितला. अक्षर न् अक्षर तोच! त्याने मला माझाच कर्नल परत विकला, रॅमडिस्कमध्ये फक्त मॅजिस्क हे रूट देणारं टूल घातलेलं, जे मॅजिस्कच्या ॲपमध्ये कोणीही फुकट, दोन मिनिटांत करतं. आणि साइन्ड फाइल एव्हीबीटूल या सही बघायच्या टूलने बघितली तर सही होती गुगलच्या एव्हीबी (अँड्रॉइडची बूट-तपासणी) सोर्समध्ये टेस्टसाठी ठेवलेल्या आरएसए ४०९६ कीची. ती की जगात कोणीही डाउनलोड करू शकतं. २,४५० रुपये या सहीचे.

आता तक्रारीचं. खरं तर फसवणाऱ्याचा जेवढा राग आला त्यापेक्षा जास्त राग इथे आला.

ज्या रात्री कळलं त्याच रात्री पेमेंट ॲपवर तक्रार टाकली. तीन दिवसांनी उत्तर, "व्यवहार यशस्वी झालेला आहे," तिकीट बंद. अरे यशस्वी झाला म्हणूनच तर तक्रार केली ना! बँकेत गेलो तर तुम्हीच पिन टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही, समोरच्याच्या बँकेला लिहा. समोरच्याच्या बँकेत माझं खातं नाही म्हणून ते बोलायलाच तयार नाहीत. पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांना बूट इमेज म्हणजे काय हे सांगताना वीस मिनिटं गेली, आणि ऐकून काय म्हणाले, "म्हणजे तुम्ही फोन हॅक करून घेत होतात?" मी म्हणलं नाही साहेब, माझाच फोन आहे, कर्नलचं लायसन्सच खुलं आहे, जीपीएल, बदलायचा हक्क आहे. "मग त्याने फाइल दिली ना? फाइल तर मिळाली तुम्हाला." मिळाली, पण माझीच मला मिळाली. "म्हणजे काहीतरी मिळालंच." मी हॅशचे प्रिंट काढून नेले होते, दोन्ही कर्नलचे, एकाखाली एक, चौसष्ट अक्षरं सारखी. त्यांनी कागद उलटा करून मागे काय आहे ते बघितलं आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी बोलावलं. गेलो तर ते साहेब सुट्टीवर, दुसरे म्हणाले ऑनलाइन टाका. ऑनलाइन फॉर्ममध्ये फसवणुकीच्या प्रकारांची यादी आहे त्यात यातलं काहीच बसत नाही, शेवटी "इतर" मध्ये टाकलं. लेखी पोच मागितली तर ईमेल येईल म्हणाले. आला नाही, चार दिवसांनी मीच लॉगिन करून नंबर शोधला. रक्कम लहान आहे असं तीन वेगवेगळ्या माणसांनी मला सांगितलं. तुमची असती तर? आणि तो माणूस दिवसाला पाच जणांकडून अशाच लहान रकमा घेत असेल तर ती लहान कशी काय? सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तर बूटलोडर शब्द ऐकल्यावर फोन हातात पण धरला नाही, बोर्ड बदलावा लागेल, १२,३०० रुपये.

अजून काही राहिलंय ते सांगतो. सोर्स मागा. कर्नल जीपीएल व्हर्जन २ खाली आहे, जो तुम्हाला बिल्ड केलेला कर्नल देतो त्याने मागितल्यावर सोर्स द्यावंच लागतं. माझा म्हणाला होता, "प्रायव्हेट ट्री आहे दादा," आणि मला ते भारी वाटलं होतं. तुमच्या फोनवर फास्टबूट बूट चालत असेल तर कुठलीही इमेज आधी तशीच तात्पुरती चालवा, फ्लॅश नंतर. स्टॉक बूट इमेजची कॉपी फोनच्या बाहेर ठेवा. चॅट डिलीट व्हायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, माझे निम्मे गेले. आणि पैसे अर्धे अर्धे दिले म्हणजे सुरक्षित असं काही नसतं, मीही अर्धेच दिले होते.

परवा त्याची नवी जाहिरात दिसल्यावर मित्राच्या नंबरवरून मेसेज टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "स्टॉक बूट पाठवा दादा, ॲडव्हान्स १,८००." नवा नंबर, नवं खातं, सगळं स्क्रीनशॉटसकट तक्रारीला जोडायला गेलो. स्क्रीनवर आलं, आपली तक्रार आधीच नोंदवलेली आहे, नवीन पुरावा जोडता येणार नाही.