परदेशी माणूस कामावर आणायचाय: बिझनेस, एम्प्लॉयमेंट की गुंतवणूकदाराचा मार्ग?

रबाळे एमआयडीसीतल्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखानदारांनी मध्यंतरी एकाच बैठकीत माझ्यासमोर तीन माणसं ठेवली. पहिला चिनी तंत्रज्ञ. नव्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनसोबत येणार, तीन आठवडे राहून ते बसवून, ट्रायल घेऊन, चालू करून देणार. दुसरा साचे डिझाइन करणारा जर्मन इंजिनीअर. त्याला दोन वर्षं पगारावर ठेवायचं होतं. तिसरे सिंगापूरचे एक गृहस्थ, कंपनीत भागीदार म्हणून पैसे घालायला तयार. आणि यांचा प्रश्न एकच: "ताई, तिघांनाही ई-बिझनेस व्हिसावर बोलावलं तर? तो घरबसल्या मिळतो म्हणे."

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंत, मला हाच प्रश्न सतत ऐकू येतो. घाईचं कारण मला कळतं. मशीनचे हप्ते सुरू झालेले असतात, माल वेळेवर हवा असतो. पण कोणता व्हिसा लवकर मिळतो यावरून सुरुवात केली की पुढचं सगळं गणित चुकतं. तो माणूस इथे येऊन दिवसभर नेमकं काय करणार आणि त्याचा पगार कोण देणार, या दोन प्रश्नांची खरी उत्तरं आधी कागदावर उतरवा. व्हिसा त्यावरूनच ठरतो.

त्याच्याही आधी एक चौकशी करा. उमेदवार मूळ भारतीय वंशाचा आहे का, त्याच्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, आहे का? असेल तर त्याला नोकरीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पत्रकारिता, संशोधन अशा मोजक्या कामांनाच खास परवानगी लागते, कारखान्यातल्या किंवा आयटीतल्या नोकरीला लागत नाही. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांनाही व्हिसाची गरज नाही. ऐरोलीतल्या एका कंपनीने ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या इंजिनीअरसाठी सगळी फाइल तयार केली आणि शेवटच्या आठवड्यात कळलं की त्याचे आई-वडील नाशिकचे आणि ओसीआय कार्ड त्याच्या खिशातच आहे. महिनाभराची मेहनत वाया गेली.

बिझनेस व्हिसा: बोलणी, पाहणी, खरेदी-विक्री

ई-बिझनेस व्हिसा एक वर्षाचा असतो, त्यावर अनेकदा येता-जाता येतं आणि एका वेळी १८० दिवसांपर्यंत राहता येतं. दूतावासातून मिळणारा नेहमीचा बिझनेस व्हिसा पाच वर्षांपर्यंतचा असू शकतो. मालाची खरेदी-विक्री, प्रदर्शन, संचालक मंडळाची बैठक, तांत्रिक चर्चा, नवा धंदा उभारण्याची चाचपणी, चालू प्रकल्पाच्या प्रगतीची पाहणी, या सगळ्याला तो चालतो. सप्लायरचा सेल्स मॅनेजर वर्षातून चार वेळा येऊन जाणार असेल तर दुसरं काही शोधू नका.

भारतीय कंपनीच्या पगारपत्रकावर बसायला तो चालत नाही. कराराचं काम प्रत्यक्ष हाताने पार पाडायलाही चालत नाही, मग ते चार दिवसांचं का असेना. "आधी बिझनेसवर येऊ दे, इथे आल्यावर एम्प्लॉयमेंट करून घेऊ" हा सल्लाही बाजारात फिरतो. तो ऐकू नका. बिझनेस व्हिसाचा एम्प्लॉयमेंट व्हिसा भारतात बसून करता येत नाही. माणसाला परत जावं लागतं आणि आपल्या देशातून नव्याने अर्ज करावा लागतो.

काही वर्षांपूर्वी महापेच्या एका कारखान्यात मी हे जवळून पाहिलं. तंत्रज्ञाच्या निमंत्रणपत्रात "मीटिंग" लिहिलं होतं. विमानतळावर त्याला कशासाठी आलात विचारलं, त्याने सरळ सांगितलं की मशीन बसवायला. त्याला पुढच्या विमानाने परत पाठवलं. मशीन पाच आठवडे ताडपत्रीखाली पडून होतं. तो माणूस खरं बोलला, पत्र खोटं होतं. त्या प्रसंगानंतर मी निमंत्रणपत्रातला प्रत्येक शब्द स्वतः वाचते.

ई-बी-४: मशीन बसवणाऱ्यांसाठी

पुरवठ्याच्या करारानुसार मशीन बसवायला येणाऱ्या तंत्रज्ञालाही पूर्वी एम्प्लॉयमेंट व्हिसाच घ्यावा लागे. तीन आठवड्यांच्या कामासाठी एवढा पसारा सगळ्यांनाच जड जायचा. १ जानेवारी २०२६ पासून ई-प्रॉडक्शन इन्व्हेस्टमेंट बिझनेस व्हिसा, म्हणजेच ई-बी-४, सुरू झाला आहे. मशीन बसवणं आणि चालू करून देणं, गुणवत्ता तपासणी, अत्यावश्यक देखभाल, उत्पादन, कामगारांचं प्रशिक्षण, ईआरपी (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) लावणं, प्लांटचं डिझाइन, ही कामं त्यात येतात. भारतीय कंपनीने नॅशनल सिंगल विंडो सिस्टीम या सरकारी परवानग्यांच्या पोर्टलवर प्रायोजक पत्र तयार करायचं आणि परदेशी माणसाने त्या आधारावर ऑनलाइन अर्ज करायचा. बीजिंगमधल्या भारतीय दूतावासाने अर्जाच्या प्रक्रियेला साधारण ४५ ते ५० दिवसांचा वेळ आणि सहा महिन्यांपर्यंतचा मुक्काम सांगितला आहे.

आमच्या चिनी तंत्रज्ञाला हाच योग्य. म्हणजे मशीन न्हावा शेवाला उतरल्यावर अर्ज करून भागणार नाही. जहाज तिकडून निघण्याआधीच प्रायोजक पत्र तयार हवं.

एम्प्लॉयमेंट व्हिसा: दोन वर्षांच्या जर्मन इंजिनीअरसाठी

इथे थोडं थांबून वाचा, कारण सर्वात जास्त पैसा आणि सर्वात जास्त चुका इथेच होतात.

पहिली अट पगाराची. वर्षाला किमान ₹१६.२५ लाख. रोख पगार आणि भत्ते यात धरतात. कंपनीने दिलेल्या घरासारखी सवलतही धरता येते, पण ती आयकरासाठी पगारात मोजली जात असेल तरच. ज्यावर कर नाही अशा सवलती जोडून आकडा फुगवता येत नाही. या अटीतून काही जण सुटतात: आपल्या देशाचं खास जेवण बनवणारे आचारी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक आणि दुभाषे, आणि परदेशी दूतावासांचे कर्मचारी. जपानी ग्राहक असलेल्या एखाद्या कारखान्याला जपानी दुभाषी हवी असेल तर ₹१६.२५ लाखांचा आकडा पाहून माघार घेऊ नका.

दुसरी अट कामाची. ज्या कामासाठी भारतात भरपूर पात्र माणसं मिळतात, किंवा जे काम कारकुनी स्वरूपाचं आहे, त्यासाठी हा व्हिसा देत नाहीत. त्यामुळे हाच माणूस का, हे सांगणारं पत्र जीव ओतून लिहा. "अनुभवी इंजिनीअर" एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तो कोणत्या प्रकारचे साचे करतो, आपल्याकडे ते काम आज का होत नाही, तो कोणाला शिकवणार, हे लिहा.

तिसरी गोष्ट मालकाला आवडते, कर्मचाऱ्याला नाही. हा व्हिसा कंपनीशी बांधलेला असतो. होल्डिंग कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांमधली वरिष्ठांची बदली सोडली तर भारतात राहून मालक बदलता येत नाही. माणसाला हे करार करण्याआधीच नीट समजावून सांगा. परक्या मुलखात येणाऱ्याला हा धक्का नंतर बसू नये. मुदतवाढ मिळत मिळत एकूण पाच वर्षांपर्यंत जाता येतं.

आता पीएफ. याची आठवण बहुतेकांना पहिल्या पगाराच्या दिवशी होते. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत परदेशी कर्मचारी २००८ पासून "इंटरनॅशनल वर्कर" म्हणून पीएफमध्ये येतो आणि त्याला पगाराची कमाल मर्यादा लागू होत नाही. पूर्ण पगारावर १२ टक्के त्याचे, १२ टक्के कंपनीचे. ₹१६.२५ लाखांचा सगळा पगार पीएफपात्र धरला तर कंपनीचा वाटाच महिन्याला ₹१६,२५० होतो.

यातून सुटका सामाजिक सुरक्षा करारामुळे होऊ शकते. जर्मनी, फ्रान्स, जपान, दक्षिण कोरिया, नेदरलँड्स अशा देशांशी भारताचे असे करार आहेत. जर्मन कंपनीनेच आपला माणूस तिच्याच पगारावर ठेवून इथे ठरावीक काळासाठी पाठवला आणि त्याच्याकडे तिकडचं कव्हरेज सर्टिफिकेट (तिकडच्या सामाजिक सुरक्षेत तो असल्याचा दाखला) असेल, तर इथे पीएफ कापावा लागत नाही. तोच माणूस तुम्ही थेट तुमच्या पगारावर घेतलात तर कापावा लागतो. म्हणून ऑफर लेटर पाठवण्याआधी, थेट नोकरी की पाठवणूक, हे सीएसोबत बसून ठरवा. करारात हा एक परिच्छेद बदलला की दोन वर्षांत लाखोंचा फरक पडतो.

नुकताच पदवीधर झालेला, वर्षभर शिकायला येणारा मुलगा असेल तर इंटर्न व्हिसा पुरतो. पण शिक्षण संपून दोन वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला नसावा, आणि इंटर्नशिप संपल्यावर इथेच नोकरीत घेण्याच्या बेताने तो वापरू नका.

गुंतवणूकदार: पैसे घातले की राहता येतं का?

दुबईचा गोल्डन व्हिसा ऐकून लोक विचारतात. भारतातला मार्ग वेगळा आणि बराच मोठा आहे. २०१६ मध्ये आणलेल्या कायम रहिवासी दर्जासाठी १८ महिन्यांत किमान ₹१० कोटी किंवा ३६ महिन्यांत ₹२५ कोटी आणावे लागतात, आणि दरवर्षी किमान २० भारतीय रहिवाशांना रोजगार द्यावा लागतो. हा दर्जा दहा वर्षांचा, पुढे आणखी दहा वर्षं वाढू शकणारा. पोलिसांकडे नोंदणीची गरज राहत नाही, राहण्यासाठी एक घर घेता येतं आणि जोडीदार व अवलंबून असणाऱ्यांना नोकरीही करता येते.

सिंगापूरचे गृहस्थ याच्या जवळपासही नव्हते. त्यांच्यासाठी नेहमीचा बिझनेस व्हिसा पुरेसा: भागीदार म्हणून या, बैठकांना बसा, हिशेब पाहा, परत जा. रोज कारखान्यात बसून पगार घेत कारभार चालवायचा ठरवलं, तर मात्र एम्प्लॉयमेंट व्हिसाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. कंपनी कायद्याचीही एक गोष्ट विसरू नका. आर्थिक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहिलेला एक तरी संचालक कंपनीत लागतो. आमच्या कारखानदारांचा मुलगा संचालक होता, म्हणून अडलं नाही. शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर (परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याचं कळवणारा फॉर्म) भरायचं असतं, ते सीएच्या डायरीत त्याच दिवशी लिहून घ्या.

आल्यानंतर: घर, नोंदणी, फॉर्म सी

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू आहे. व्हिसाची मुदत संपूनही राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ₹३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुदतीच्या तारखा माणसाच्या भरवशावर सोडू नका, कंपनीने सांभाळा.

नोंदणीसाठी राहण्याचा पुरावा लागतो, आणि ठाणे-नवी मुंबईत घोडं नेमकं इथे अडतं. परदेशी पाहुणा जिथे उतरेल त्या घराच्या मालकाने, हॉटेलने किंवा कंपनीच्या गेस्ट हाऊसने २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. आजवर सगळे त्याला फॉर्म सी म्हणत आलेत. घोडबंदर रोडचे आणि कोपरखैरण्याचे कितीतरी फ्लॅटमालक भाडं हवं म्हणतात, पण पोर्टलवर स्वतःच्या नावाने खातं उघडायचं म्हटलं की कचरतात. सोसायटीची एनओसी आणि नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार तर लागतोच. जर्मन इंजिनीअरसाठी वाशीत घर पाहताना आम्ही पहिल्या दोन मालकांना याच कारणाने नाही म्हटलं. तिसऱ्या काकूंनी आपल्या मुलाला समोर बसवून त्याच दुपारी खातं उघडलं, आणि मगच आम्ही टोकनचे पैसे दिले.