४-३ लावू की ३-४? आधी मधला गडी बघ

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा डिफेन्स तुझ्या गळ्यात पडलाय आणि तू विचारतोयस ४-३ लावू की ३-४, तर आधीच सांगून टाकतो, मधोमध उभा राहून दोघांना अंगावर घेईल असा आडदांड पोरगा नसेल तर ३-४ च्या वाटेला जाऊच नको. बाकीचं सगळं त्यानंतर.

आकडे सोपे आहेत, पहिला म्हणजे लाइनवर हात टेकून बसणारे लाइनमन, दुसरा त्यांच्या मागचे लाइनबॅकर, उरलेले चार पासवर लक्ष ठेवायला. माणसं तीच अकरा, एकाने हात टेकलाय की तो उभा आहे एवढाच फरक दिसतो पण त्याने सगळ्यांची कामं बदलतात.

४-३ मध्ये साधारणपणे प्रत्येक लाइनमनला एकच गॅप, म्हणजे समोरच्या दोन गड्यांमधली फट. तुझ्या फटीत घुस, बस्स. पोरांना दोन प्रॅक्टिसमध्ये कळतं. याचा जन्मही गमतीशीर आहे, त्या काळी पाच जण लाइनवर बसायचे आणि शिकागो बेअर्सचा बिल जॉर्ज त्या पाचांतला मधोमधचा गडी होता, १९५४ मध्ये ईगल्सविरुद्ध छोटे पास त्याच्या डोक्यावरून जायला लागले तेव्हा तो वैतागून बॉल मागे देणाऱ्या सेंटरला धडकायचं सोडून मागेच सरकला, सांगतात की पहिला पास थेट त्याच्या पोटावर आदळला आणि पुढचा त्याने पकडला. मग न्यूयॉर्क जायंट्समध्ये डिफेन्सचा कोच टॉम लँड्रीने सॅम हफला मधे उभं करून ४-३ नीट बसवला आणि १९५६ च्या फायनलमध्ये त्याच बेअर्सना ४७-७ धुतलं.

३-४ चं मूळ कॉलेजात, ओक्लाहोमाच्या कोच बड विल्किन्सनच्या ५-२ मध्ये, त्यातले टोकाचे दोघं उभे केले की झाला ३-४. कोच चक फेअरबँक्स ओक्लाहोमाहूनच पेट्रियट्सकडे आला आणि १९७४ मध्ये त्याने तो एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये लावला, त्याच वर्षी ह्यूस्टन ऑयलर्समध्ये डिफेन्सचा कोच बम फिलिप्सनेही, त्याच्याकडे मधे कर्ली कल्प होता, कॉलेजात कुस्तीचा चॅम्पियन राहिलेला गडी. मुद्दा तोच! नोज टॅकलने, म्हणजे त्या मधल्या गड्याने, सेंटरला हातांवर धरून दोन्ही बाजूच्या फटी सांभाळायच्या, वर सेंटरच्या शेजारचा गार्डही त्याच्यावर येणार. तो टिकला तर मागचे चार लाइनबॅकर मोकळे, आणि पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चौथा धावून येणारा कोण हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही. लॉरेन्स टेलरचं नाव ऐकलं असशीलच, १९८६ मध्ये २०.५ सॅक (पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) आणि लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, तो याच पद्धतीतला बाहेरचा लाइनबॅकर.

आता माझी फजिती. मी ३-४ साठी ओळखल्या जाणाऱ्या स्टीलर्सचा फॅन, म्हणून कोच झाल्यावर पहिल्याच सीझनला हौसेने ३-४ लावला. मधे ठेवलेला पोरगा मनाने वाघ, पण वजनाने सशासारखा. तिसऱ्या मॅचला समोरच्यांनी ओळखलं आणि तोच प्ले लागोपाठ सहा वेळा चालवला, सेंटर आणि गार्ड मिळून त्याला अक्षरशः उचलून मागे नेत होते, माझे चार लाइनबॅकर त्याच्याच पायात अडखळत होते आणि तो बिचारा दर वेळी हेल्मेटमधलं गवत काढत साइडलाइनकडे बघत होता, काका काय करू. हाफटाइमला ४-३ केला. हरलोच, पण तीस पॉइंटने नाही.

कोणीतरी तुला बेअर्सच्या १९८५ च्या ४६ डिफेन्सचं सांगेल, ऐकू नको. तो ४६ म्हणजे चार आणि सहा नव्हेच, डग प्लँक नावाच्या सेफ्टीचा, म्हणजे सगळ्यात मागच्या गड्याचा जर्सी नंबर आहे, आणि त्यात कडेला पास अडवणारे कॉर्नरबॅक इतके उघडे पडतात की शाळेतल्या पोरांचं काम नाही.

खरं म्हणजे मोठ्या लेव्हलला हा वाद आता अर्धा संपलाय कारण समोर तीन-तीन रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे असतात, मग एक लाइनबॅकर किंवा लाइनमन काढून पासवर लक्ष ठेवणारा पाचवा डिफेन्सिव्ह बॅक आणायचा, त्याला निकेल म्हणतात, आणि आता बहुतेक वेळ तोच दिसतो. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्ये, ईगल्सच्या डिफेन्सचा कोच व्हिक फँजिओ, माणूस मुळात ३-४ वाला, पण त्याने एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे जास्तीचा गडी न धाडता, नुसत्या चौघांच्या जोरावर चीफ्सच्या क्वार्टरबॅक महोम्सला सहा वेळा पाडलं, ईगल्स ४०-२२ जिंकले. पण तुझ्या समोरच्या टीम किती पास टाकतात? आमच्याकडे तर मॅचभर धावतच असतात, पास म्हणजे सणासुदीला, तेव्हा निकेलची पाच-सहा प्लेची तयारी पुरे.

तू एक कर. मंगळवारी प्रॅक्टिसला तुझ्या सगळ्यात वजनदार पोरासमोर सेंटर आणि गार्ड दोघांना उभं कर आणि दहा स्नॅप घे, म्हणजे सेंटरने दहा वेळा बॉल मागे द्यायचा. सात वेळा तरी तो जागचा हलला नाही तर मला फोन कर, ३-४ चं बोलू. नाहीतर मला विचारूच नको, ४-३ लाव.