‘आरटीओ पास’ इंडिकेटर घेताय? आधी हे वाचा

गणपतीला चाकरमानी यायच्या आधी इकडे सगळ्यांनाच गाडी चकाचक करायची असते, कव्हर, पॉलिश, दिवे, सगळं. आणि नेमकं त्याच टायमाला हायवेच्या कडेची ॲक्सेसरीजची दुकानं ऑफर लावून बसतात. त्यातला हल्लीचा हिट माल म्हणजे पळणारे (एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे ओळीने पेटत जाणारे) एलईडी इंडिकेटर, ‘आरटीओ पास’ म्हणून विकतात. तोच माल माझ्या गळ्यात मारला. कुणाकुणाला लुबाडलंय देव जाणे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुकानाचं नाव टाकत नाही, प्रकरण तक्रारीत आहे.

आमची सात सीटर टुरिस्ट परमिटवर आहे. कुडाळ स्टेशन, चिपी विमानतळ, मालवण, तारकर्ली अशी भाडी असतात, अधूनमधून फोंडा घाटातून कोल्हापूर. मागच्या एका दिव्याची काच तडकलेली, तेवढीच बदलायची होती. दुकानदार म्हणाला, “भाऊ, एकच कशाला बदलता, कंपनीच्या दोन दिव्यांच्या पैशात पुढचे-मागचे चारही देतो, लेटेस्ट.” साडेआठ हजार, फिटिंगसकट. मी सरळ विचारलं की गाडी कमर्शियल आहे, पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) जाणारे, चालेल ना? त्यावर त्याने ड्रॉवरमधून एक लॅमिनेट केलेला कागद काढला, वर गोल शिक्का, खाली सही, “हे बघा सर्टिफिकेट, शंभर टक्के आरटीओ पास.” व्हॉट्सॲपवरही हेच लिहून पाठवलं. बिल मात्र चिठ्ठीवर, ‘ॲक्से.’ एवढंच आणि खाली आकडा. पक्कं मागितलं तर म्हणे अठरा टक्के वर लागतील.

आता हे ‘आरटीओ पास’ काय असतं ते ऐका. असं काही नसतंच. आरटीओ कुठल्या दुकानातल्या बल्बला पास-नापास करत बसत नाही. गाडीच्या दिव्याला मंजुरी असते ती टेस्टिंग एजन्सीची, आणि ती आख्ख्या दिव्याला असते, म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि आत कुठल्या प्रकारचा बल्ब हे सगळं धरून. म्हणून कंपनीच्या दिव्याच्या काचेवर नंबर आणि खुणा प्लॅस्टिकमध्येच उमटवलेल्या असतात, नख मारलं तरी जात नाहीत. माझ्या सेटवर गोलात ‘ई’ (युरोपातल्या मंजुरीची खूण) लिहिलेला नुसता स्टिकर होता, पहिल्या पावसातच त्याचा कोपरा सुटला. आणि तो लॅमिनेटवाला कागद नंतर भाच्याने नीट वाचला तर ते आयएसओ ९००१ निघालं. ते कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट असतं, दिवा रस्त्यावर चालतो की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण काउंटरवर शिक्का बघून कोण एवढं वाचतो.

पासिंगच्या दिवशी साहेबांनी इंडिकेटर लावायला सांगितला, मागे जाऊन बघितलं आणि दोन मिनिटांत कागद परत. कारण मागचा इंडिकेटर लाल पळत होता. सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्स १९८९ चा नियम १०२ आहे, त्यात इंडिकेटरचा रंग अंबर असलाच पाहिजे आणि तो मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही आणि १२० पेक्षा जास्त नाही असा लुकलुकला पाहिजे असं स्पष्ट आहे. अंबर म्हणजे आपला नारंगी-पिवळा. (घरी बघायचं तर मोबाईलचं घड्याळ लावून दहा सेकंद मोजा, दहा ते वीसच्या मध्ये यायला हवं.) पुढे पांढरा, निळा, आणि मागे लाल इंडिकेटर म्हणजे सरळ बाद. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो परदेशात चालतं. अमेरिकेत मागचे इंडिकेटर लाल चालतात हे खरंय, पण माझी गाडी एमएच ०७ आहे ना रे बाबा, मी काय टेक्सासमध्ये भाडी मारतो?

मग त्याने दुसरा मुद्दा काढला, तो तुम्हालाही ऐकवतील म्हणून लिहितो. “आरसी बुकात बल्ब लिहिलाय का? मग बदल कसला?” ऐकायला एकदम बरोबर वाटतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू नका म्हणतं, आणि आरसीत बल्ब नसतो हे खरंच. पण इंडिकेटरचा नियम वेगळा आहे, वर सांगितला तो, त्याला आरसी लागत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं, त्यात मालकाने नियमात न बसणारा बदल केला, बाहेरून पार्ट बसवला तरी, तर प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नीट वाचा, ‘मालकाने’ म्हणजे या बदलाचं चलान तुमच्या नावावर, फिटिंग करणाऱ्याच्या नाही.

पळणारे इंडिकेटर सगळेच बेकायदा असं मात्र नाही, काही नव्या गाड्यांना ते कंपनीतूनच येतात, अंबर असतात आणि गाडीबरोबरच मंजूर झालेले असतात. दुकानदार तीच गाडी दाखवून आपला माल खपवतात.

नापास झाल्यावर गाडी गावातल्या वायरिंगवाल्याकडे नेली. त्याने मागचा दिवा बाहेर ओढला आणि म्हणाला, “मेल्या, ह्यां काय करून घेतलंस?” आत सोनेरी रंगाचा, कंगोरे असलेला ॲल्युमिनियमचा तुकडा, त्यावर ५० वॅट ६ ओहम छापलेलं, आणि तो गाडीच्या प्लॅस्टिकला केबल टायने आवळून बांधलेला. प्लॅस्टिक तिथे पिवळं पडून फुगलेलं, शेजारच्या वायरचं कव्हर चिकटून बसलेलं. हे का लावतात तर कंपनीचा बल्ब २१ वॅटचा असतो, एलईडी दोन-चार वॅट खाते, मग फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला) वाटतं बल्ब उडाला आणि इंडिकेटर दुप्पट वेगात लुकलुकतो. त्याला फसवायला हा रेझिस्टर. म्हणजे वाचलेली वीज हा नुसती उष्णता करून घालवतो, इंजिन चालू असताना इंडिकेटर पेटला की तीस वॅटच्या आसपास. असा तुकडा पत्र्यावर मोकळा बसवायचा असतो, प्लॅस्टिकवर नाही. जोड पण कापून, पिळून, टेप मारलेले, सोल्डर नाही काही नाही, आणि आपली ही खारी हवा, तांबं हिरवं पडायला लागलेलं.

त्यात इकडे पावसात घाट चढताना चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी हाकायची फॅशन आहे, धुक्यात दिसतं म्हणे. मला ती पटत नाही, वळताना कुठे वळतोय तेच मागच्याला कळत नाही. पण असे रेझिस्टर बांधलेल्या गाडीने फोंड्याच्या धुक्यात अर्धा तास चारही लुकलुकत ठेवले तर मागे काय होईल विचार करा, डिकीत लोकांच्या बॅगा असतात.

बरं, जुने कंपनीचे दिवे परत बसवू म्हटलं तर ते दुकानदाराने ठेवून घेतलेले. तडकलेला एक सोडा, बाकी तीन धडधाकट. विचारलं तर “ते भंगारात गेले.” मला तर वाटतं कुणाला तरी विकले, इकडे जुन्या ओरिजिनल दिव्यांना गिऱ्हाईक असतं. नवे चार दिवे, वायरिंगचं काम, आणि पासिंगशिवाय गाडी उभी म्हणून सीझनची भाडी दुसऱ्यांना दिली, ती वेगळीच. फिटनेस संपलेली टुरिस्ट गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करणार, त्यामुळे तो विचारच केला नाही.

तक्रारीचं असं, पक्कं बिल नाही म्हणून गप्प बसू नका. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचा मेसेज, फिटिंगचे फोटो, नापास झाल्याचा कागद, एवढं पुरावा म्हणून देता येतं. आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला नोंदवलं, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. वकील लागतोच असं नाही, मी स्वतःच लिहिला.

नोटीस गेल्यावर दुकानदाराचा एका ओळखीच्याकडून निरोप आला की अर्धे पैसे देतो, अर्ज मागे घ्या. मी म्हटलं अर्धे नकोत, पूर्ण दे आणि लेटरहेडवर लिहून दे की हे दिवे आरटीओ पास नाहीत. तेव्हापासून फोन उचलत नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.