रुगर १०/२२ : वेगवान काडतूस की साधं?

अमेरिकेत १९६४ पासून मिळणाऱ्या रुगर १०/२२ या सेमी-ऑटोमॅटिक रायफलची अचूकता वाढवायची, तर महागडी नळी घेण्याआधी काडतूस बदलून पाहा. हाय-व्हेलॉसिटी, म्हणजे वेगवान गोळी सेकंदाला साधारण ३७५ मीटर वेगाने सुटते; बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता भाग, जोरात मागे जातो, काडतुसाची रिकामी पुंगळी हमखास बाहेर पडते. पण शंभर यार्डांच्या आतच तिचा वेग ध्वनीच्या खाली उतरतो आणि नेमकी तिथेच ती डगमगते. स्टँडर्ड-व्हेलॉसिटी, म्हणजे साधी गोळी ३२५ मीटरच्या आसपास, म्हणजे सुरुवातीपासूनच ध्वनीपेक्षा संथ. त्यामुळे कागदावरची भोकं सहसा एकमेकांना खेटून पडतात, आणि आडव्या वाऱ्यातही ती कमी सरकते. रायफल मळलेली असली की पुंगळी कधीकधी अडकते, एवढंच. निशाणेबाजीसाठी मी निःशंकपणे ही साधी गोळीच घेईन.